न बदलणाऱ्या माणसाचं यकृत

सहा सडपातळ माणसं आठ आठवड्यांत जाड करायची आणि नवी चरबी त्यांच्या अंगात नेमकी कुठे जाऊन बसते ते एमआरआयच्या यंत्रात घालून मोजायचं, एवढंच टूवे सांडेलचं काम होतं. माणसं जाड करणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम, असा तिचा समज होता. इतर देशांत लोक ते फुकट आणि कुणी न सांगता करतात.

टूवे चौतीस वर्षांची. डॉक्टरेटची पाच वर्षं संपत आली होती. पहिली तीन उंदरांवर गेली. उंदीर व्यवस्थित जाड झाले, पण उंदीर जाड होतात हे आधीच कुणीतरी छापून मोकळं झालं होतं. चौथं वर्ष परवानग्यांत गेलं. आता हा हिवाळा शेवटचा. मे महिन्यात चारचौघांसमोर प्रबंधाचा बचाव करायचा, नाहीतर जूनअखेर टेबल रिकामं करून द्यायचं. या सहा जणांची चरबी वाढली तर टूवे डॉक्टर, नाही वाढली तर टूवे घरी. आईने उत्तरेकडच्या गावाहून येण्याचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं, आणि येताना मी कुठले बूट घालू, असं ती दर रविवारी फोनवर विचारायची.

अभ्यासाचा आराखडा प्राध्यापक स्टाफानचा. स्टाफान उंच, मऊ आवाजाचा आणि लोकरी मोज्यांत वावरणारा गृहस्थ. स्वीडन हा देश असा, की राजा सोडला तर सगळ्यांना तू म्हणतात. प्राध्यापकाला तू म्हणायची मुभा मिळून पन्नास वर्षं होऊन गेली. नाही म्हणायची मुभा अजून समितीपुढे आहे. स्टाफान हुकूम कधी सोडत नसे. "आपल्या सगळ्यांना असं वाटतंय का, की..." अशी सुरुवात तो करायचा, आणि मग सगळ्यांना तसंच वाटायला लागायचं.

तर सगळ्यांना असं वाटलं, की प्रत्येकाने घरचं नेहमीचं जेवण जेवायचंच, वर रोज दुपारी तीन वाजता विभागाच्या कॉफीच्या खोलीत येऊन लोणी-वेलदोड्याचे तीन मोठे बन खायचे. बन बेकरीवाल्यांच्या महासंघाकडून यायचे. प्रत्येकाला वेगळं पाकीट द्यावं, असं टूवेने सुचवून पाहिलं होतं. पण पाकिटांचा कचरा होतो म्हणून पर्यावरण समितीने मान हलवली. शिवाय एका तबकातून एकत्र बसून खाल्लं की माणूस जास्त खातो, असं स्टाफानने एका संशोधनात वाचलं होतं. ते संशोधन इटलीत, नेपल्समध्ये झालं होतं, ही तळटीप त्याने वाचली नव्हती.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना वाटली. एमआरआयचं यंत्र म्हणजे शेवटी काटाच. भाजीवाल्याच्या काट्यासारखं तेही कधी थोडं जास्त दाखवतं, कधी थोडं कमी. म्हणून दर सोमवारी आधी एक असं शरीर आत सारायचं, की जे बदलत नाही. त्याची चरबी मागच्या वेळेपेक्षा जास्त दिसली तर यंत्र जास्त दाखवतंय असं समजायचं, आणि संगणकाने बाकीच्या सगळ्यांच्या आकड्यांतून तेवढी आपोआप वजा करायची. यासाठी लोक तेला-पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली वापरतात. स्टाफानला बाटली फार कोरडी वाटली.

"जिवंत माणूस हवा," तो म्हणाला. "असा, की जो वर्षानुवर्षं आहे तसाच राहतो. ज्याच्या आयुष्यात काही घडत नाही."

बैठकीतल्या सगळ्यांनी टूवेकडे पाहिलं. टूवेला ती स्तुती वाटली.

पहिल्या सोमवारी सहाही जण स्की पायात बांधूनच आले. स्की भिंतीला टेकवून, बूट दाराशी काढून ते टेबलाभोवती बसले. निवृत्त ग्रंथपाल हेडविग, निवृत्त बसचालक रागनार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक गृहस्थ, नगरपालिकेची माळीण आणि दोन विद्यार्थी. सहांच्या अंगावर मिळून एका धड माणसाचं मांस नसेल. मध्ये तबक, तबकात अठरा बन.

"घे ना हेडविग," रागनार म्हणाला.

"छे, तू घे. तू लांबून आलायस."

"मी काय, मी घेईनच. पोरांनो, तुम्ही वाढत्या वयाचे."

"आम्ही घेतो, तुमचं होऊ द्या," विद्यार्थी म्हणाले.

"सुंदर दिसतायत नाही?" ऑर्गनवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी बनांकडे देवघरातल्या मूर्तीकडे पाहावं तसं पाहिलं.

बारा मिनिटांनी पहिला बन हलला. प्रत्येकी एक झाला. मग पुन्हा "तू घे, तू घे" सुरू झालं. दुसऱ्या फेरीत माळणीने एक उचलला, सुरीने त्याचे दोन तुकडे केले, अर्धा परत ठेवला आणि आपण काहीतरी चोरल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली. तिसऱ्या फेरीची गोष्टच नको.

कोणी किती खाल्ले याची नोंद टूवेने करायची होती. पण समोर उभं राहून माणसाचे घास मोजायचे म्हणजे काय! तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला लागलं. पाहुण्याच्या ताटात डोकावू नये, हे तिला आईने चालायच्या आधी शिकवलं होतं. ती पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिली आणि तासभर पार्किंगमधला बर्फ पाहत राहिली. मंडळी स्की बांधून गेली, तेव्हा तबकात साडेसहा बन उरले होते.

आता उरलेल्याचं काय करायचं? ओल्या कचऱ्याच्या डब्यावर पर्यावरण समितीने एका रडक्या केळ्याचं चित्र लावलं होतं, आणि कुठल्या विभागाने किती अन्न टाकलं याची वजनं दर शुक्रवारी भिंतीवर लागत. टूवेने ओट्याशी उभ्याउभ्या साडेतीन बन खाल्ले, तीन पिशवीत घालून घरी नेले, आणि दाराजवळच्या तक्त्यावर पहिल्या दिवसापुढे लिहिलं: "तबक रिकामं." यात खोटं काही नव्हतं.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. टूवेच्या बाबतीत ती चरबीची मावशी निघाली.

दुसऱ्या आठवड्यात सात बन उरायला लागले, चौथ्यात नऊ. टूवेने घरी स्वयंपाक करणं सोडलं. सकाळी बन, दुपारी ओट्याशी बन, रात्री बन आणि वर पश्चात्ताप म्हणून एक सफरचंद. तक्त्यावर रोज एकच ओळ, एकाच अक्षरात: तबक रिकामं, तबक रिकामं. पँट कमरेत बसेना, तेव्हा तिने इमारतीच्या सामाईक धुलाईघरात चिठ्ठी लावली: "वाळवण्याचं यंत्र कुणीतरी फार गरम ठेवतं आणि कपडे आटतात. कृपया एकमेकांचा विचार करू या. मैत्रीपूर्ण नमस्कार." दोन दिवसांनी खाली कुणीतरी लिहिलं, "माझे आटत नाहीत." टूवे आठवडाभर त्या शेजाऱ्याचा अक्षरावरून शोध घेत राहिली.

सहा आठवड्यांचे आकडे हातात आले तेव्हा स्टाफान तिच्या टेबलापर्यंत धावत आला. मोज्यांवर धावल्यामुळे तो टेबलाच्या पुढे दोन हात जाऊन थांबला.

"टूवे! कमी झाली!"

"काय?"

"चरबी! सहाही जणांची. पोटातली, यकृतातली, सगळी. रोज तीन बन खाऊन माणसं बारीक होतायत. आपल्या सगळ्यांना असं वाटतंय का, की हा वेलदोडा आहे?"

टूवेने हातातला बन खाली ठेवला. "काहीतरी चुकलंय, स्टाफान. असं कसं होईल?"

"पेनिसिलिनसुद्धा चुकूनच सापडलं," स्टाफान म्हणाला, आणि महासंघाला फोन लावायला गेला.

महासंघाची माहिती-प्रमुख पेर्निला दुसऱ्याच दिवशी हजर झाली. तिने पत्रकाचा मसुदा आणला होता: रोज तीन, चरबी क्षीण. वर एक हसरा बन.

"आठवा आठवडा संपला की लगेच गुरुवारी पत्रकार बोलवू," ती म्हणाली. "आणि सुरुवात शाळांपासून करू. मधल्या सुटीतलं फळ काढून टाकायचं आणि बन द्यायचा. मुलं खूश, पालक खूश, आम्ही तर काय!"

"तुझा प्रबंध एप्रिलमध्येच खिळ्याने ठोकून टाकू फळीवर," स्टाफान टूवेला म्हणाला. तिथे प्रबंध तयार झाला की तो हातोडीने विभागाच्या फळीवर ठोकतात. त्याला भोक पडलं, की मग तो ज्ञानात जमा होतो.

आठव्या सोमवारी शेवटची तपासणी झाली. दुपारी टूवे तळघरात यूहाकडे गेली. एमआरआय चालवणारा यूहा फिनलंडचा. त्याच्या गावाकडे शब्द मिठासारखे वापरतात, चवीपुरते. आठ आठवडे त्याने तिला दर सोमवारी यंत्रात सारलं होतं आणि "श्वास घे. सोड. थांब," या पलीकडे एक अक्षर काढलं नव्हतं.

"गुरुवारच्या फलकासाठी न बदलणाऱ्या माणसाचं चित्र हवंय," टूवे म्हणाली. "मध्ये लावायचंय."

यूहाने 'स्थिर' नावाचा कप्पा उघडला. तो कप्पा संगणक दर सोमवारी वाचत होता, माणसाने कुणी उघडला नव्हता. पडद्यावर आठ चित्रं ओळीने आली. पोटाचे आडवे काप, चरबी पांढरी आणि बाकी सगळं राखाडी. पहिल्या चित्रात कडेला पांढरी किनार होती, साडीच्या काठाएवढी. आठव्यात साडीच पांढरी होती.

"हे कोण?" टूवेने पहिल्यावर बोट ठेवलं.

"तू."

"आणि हे?"

"तूच."

"मध्ये काय झालं?"

यूहाने विचार केला. "फेब्रुवारी," तो म्हणाला.

टूवे खुर्चीत बसली. खुर्ची करकरली, आणि ती खुर्चीसुद्धा धुलाईघरात कुणी आटवली असेल असं म्हणायची सोय आता राहिली नव्हती.

"तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या आठवड्यात."

"मग बोलला का नाहीस?"

"बाईमाणसाच्या चरबीवर बोलू नये. आई सांगायची."

"यूहा, हा अभ्यासच चरबीचा आहे! इथे दुसरं काय बोलायचंय?"

"तू विचारलं नाहीस."

"बरं, आता विचारते. माझ्यामुळे होणारी वजाबाकी काढून टाक आणि त्या सहा जणांचे खरे आकडे दाखव."

यूहाने दोन कळा दाबल्या. सहा जणांची चरबी आठ आठवड्यांपूर्वी होती तिथेच होती. कुणाची चमचाभर वर, कुणाची चमचाभर खाली. वाढलीही नव्हती आणि घटलीही नव्हती. तीन बनांनी माणसं बारीक झाली नव्हती. सातवं माणूस सुटलं होतं, आणि संगणक इमानेइतबारे त्याची चरबी सहा जणांच्या अंगातून कापत बसला होता.

"माझी किती वाढली?"

"एक लिटर तीनशे."

"म्हणजे दुधाच्या खोक्याएवढी?"

"खोकं एक लिटरचं असतं," यूहा म्हणाला. आकड्याच्या बाबतीत तो भीड ठेवत नसे.

मंगळवारी निरोपाची कॉफी होती. टूवे पहिल्यांदाच खिडकी सोडून टेबलाशी येऊन बसली. सगळे जरा सावरून बसले. हेडविगने तिच्यापुढे कप सरकवला आणि रागनारकडे पाहून डोळ्यांनीच 'बसली एकदाची' असं म्हटलं.

"मला खरं सांगा," टूवे म्हणाली. "तुम्ही रोज किती बन खात होता?"

रागनार दिव्याकडे पाहू लागला. विद्यार्थ्यांनी फोन काढले.

"एक," हेडविग म्हणाली. "पहिल्या आठवड्यात दोन होत होते. मग दीड, शेवटी एक."

"तीन ठरले होते! तुम्ही सह्या केल्यात!"

"केल्यात ना. पण तू उभी असायचीस."

"मग?"

"मग काय मग? आम्ही सहा जण गिळतोय, आणि एक पोरगी पाठ फिरवून, खिडकीबाहेर बघत उभी. घास घशाखाली उतरेल का कुणाच्या? पहिल्याच दिवशी आम्ही पार्किंगमध्ये बैठक घेतली."

"इतिवृत्त आहे माझ्याकडे," रागनार म्हणाला. "मुद्दा एक: टूवेला घ्यावंसं वाटतंय पण ती लाजते. मुद्दा दोन: तिच्यासाठी मागे ठेवावेत. एकमताने मंजूर."

"आणि दुसऱ्या दिवशी तक्त्यावर काय?" हेडविग म्हणाली. "तबक रिकामं! तुझ्याच हातचं. म्हटलं, बघा, भुकेलेली होती बिचारी. म्हणून जास्त ठेवले. तेही रिकामं! मग आणखी ठेवले."

"विद्यापीठ पोटाला घालत नसेल म्हटलं," माळीण म्हणाली.

"शेवटी शेवटी आम्ही बारा ठेवत होतो," ऑर्गनवाला कौतुकाने म्हणाला, "आणि तू एकदासुद्धा पाठ दाखवली नाहीस. म्हणजे, दाखवलीस, पण... तुला कळलं."

टूवेला हसावं की रडावं ते कळेना. "मला विचारायचं तरी!"

"कसं विचारणार?" हेडविग खरोखर दुखावली. "तोंडावर? भूक लागली का म्हणून?"

"आणि मी इथे रोज मरतेय, तुम्ही टाकून जाताय म्हणून!"

"तू तरी कुठे विचारलंस?"

आठ आठवडे दोन्ही बाजूंनी एकमेकांची इतकी काळजी घेतली होती, की संशोधनाचा त्यात मुडदा पडला होता. "आता तरी घे," म्हणत रागनारने तबक तिच्याकडे सरकवलं. अठराच्या अठरा बन तसेच होते. निरोपाचा दिवस म्हणून त्यांनी आज सगळेच तिच्यासाठी ठेवले होते.

बुधवारी सकाळी टूवेने स्टाफानला सगळं सांगितलं. स्टाफानने मेणबत्ती लावली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मधे एकदाही न बोलता ऐकून घेतलं. तो ऐकत असला की माणसाला वाटायचं, आपण बोलतोय म्हणजे काहीतरी घडतंय.

"हे फार धाडसाचं आहे, टूवे," तो म्हणाला. "हे आपण सगळ्यांसमोर ठेवू."

तासाभरात बैठक भरली. नेहमीप्रमाणे एकेकाने आळीपाळीने बोलायचं ठरलं. पहिला म्हणाला, टूवेने सांगितलं हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसरी म्हणाली, मलाही महत्त्वाचं वाटतं, आणि खिडकी जरा उघडू या का? तिसरा म्हणाला, मी पहिल्या दोघांशी सहमत आहे, खिडकीसह. फेरी पुरी झाली. मग पेर्निलाने पडद्यावरून गोड हसत विचारलं, उद्याचे पत्रकार अठरा आहेत की एकोणीस?

"आपल्या सगळ्यांना असं वाटतंय का," स्टाफान म्हणाला, "की प्रबंधात एक तळटीप घालावी? 'संदर्भासाठी घेतलेल्या व्यक्तीत काही नैसर्गिक चढउतार दिसले.'"

"एक लिटर तीनशे!" टूवे म्हणाली. "याला चढउतार म्हणायचं? उतार कुठेय यात?"

"उतार मे महिन्यात येईल," स्टाफान मायेने म्हणाला. "बचाव झाला की तू पोहायला जा."

सगळे हसले. कुणी कुणाला दुखावलं नाही, आणि बैठक वेळेआधी संपली.

गाडी अडली ती भलतीकडेच. महासंघाच्या वकिलाने दुपारी निरोप धाडला: गुरुवारी ज्यांच्या शरीराची चित्रं दाखवणार, त्या प्रत्येकाचं संमतिपत्र पाठवा. सहा होती. सातवं नव्हतं. टूवेची संमती घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. बाटलीची कोण घेतो? आणि सातव्याचं शरीर वापरता आलं नाही, तर वजाबाकी गेली, बारीक झालेली माणसं गेली, वेलदोडा गेला.

तीन वाजता स्टाफान कोरं संमतिपत्र आणि पेन घेऊन आला.

"हे अर्थातच पूर्णपणे स्वेच्छेने आहे," तो म्हणाला. "चारच्या आत मिळालं तर बरं."

"आणि तारीख?"

"सप्टेंबरची घाल, बाकीच्या सहांसारखी. तेव्हा तू नाही म्हणाली नसतीस, होय ना?"

हे खरं होतं. सप्टेंबरमध्ये तिने कुठल्याही कागदावर सही केली असती. टूवे पेन हातात धरून बसली. समोर मे महिना दिसत होता: सभागृह, नवे बूट घातलेली आई, कागदावर नावाआधी डॉक्टर. सही केली तर कुणाचं काय बिघडणार होतं? लोक बन खातातच. उद्यापासून विज्ञानाच्या आशीर्वादाने खातील, एवढंच. फळाची सुटी होऊन शाळेच्या डब्यात बन येतील आणि मुलं गोल होतील. पण ती गोल होईपर्यंत स्टाफान निवृत्त झालेला असेल आणि ती स्वतः कुठेतरी सहायक प्राध्यापक. पाच वर्षं, त्यातली तीन उंदरांची. एक सही.

तिने कागद वाचायला घेतला. सहा जणांना तिनेच तो वाटला होता, पण शब्द न् शब्द कधी वाचला नव्हता. 'या अभ्यासात माझ्या शरीराचं काय होणार आहे, याची मला पुरेशी माहिती देण्यात आली आहे.' पुढे दोन चौकटी: होय. नाही. पाच वर्षांत या इमारतीत तिला सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो कागदाने विचारला होता.

"स्टाफान," ती म्हणाली, "मी 'नाही'वर खूण केली तर?"

"तर तो तुझा हक्क आहे." स्टाफानचा आवाज आणखी मऊ झाला. "फक्त मला असं वाटतं, की तू सगळ्यांचा विचार करशील. मंडळींनी किती कष्ट घेतलेत. बचावाची तारीखसुद्धा मिळालीय."

"सगळ्यांचा विचार करून करूनच मी एवढी झालेय," टूवे म्हणाली, आणि 'नाही'च्या चौकटीत फुली मारली. खाली सही केली, आजची तारीख घातली. फुली जरा मोठी आली.

स्टाफानने कागद उचलला. फुली चौकटीच्या आत आहे ना, ते नीट पाहिलं.

"मी तुझ्या निर्णयाचा आदर करतो," तो म्हणाला.

इतर देशांत जे दार आपटून, पाणउतारा करून, प्रसंगी खुर्ची फेकून सांगावं लागतं, ते स्वीडनमध्ये या एका वाक्यात सांगून होतं. साडेचारला पत्रकारांना कळवण्यात आलं, की कार्यक्रम पुढे ढकलला आहे. किती पुढे, ते कळवण्यात आलं नाही. पेर्निलाने फोनवर एकच विचारलं, उरलेल्या बनांचं काय करू? पाचला मे महिन्यातली सभागृहाची तारीख दुसऱ्या कुणाला गेली. आणि घरी निघताना टूवेने पाहिलं, तर स्वयंपाकघर साफ करायच्या पाळीपत्रकावरून तिचं नाव पांढऱ्या शाईने सुबक खोडलेलं होतं. तिच्यावर आवाज कुणीच चढवला नव्हता. जाताजाता दोघांनी तर तिला शुभेच्छाही दिल्या.

संमती नसलेली चित्रं त्याच दिवशी पुसून टाकावीत, असा नियम होता, आणि या देशात माणसाचं कुणी ऐकलं नाही तरी नियमाचं ऐकतात. टूवे तळघरात गेली. यूहाने 'स्थिर'चा कप्पा उघडून ठेवला होता. आईला फोन करून तिकीट रद्द करायला सांगायचं होतं. ते कसं सांगायचं, याची जुळवाजुळव तिच्या डोक्यात चालली होती.

"पुसू?" यूहाने विचारलं.

"पूस."

पहिलं चित्र गेलं. दुसरं गेलं. संगणक दर वेळी विचारायचा, नक्की का? आणि यूहा दर वेळी मान डोलावून कळ दाबायचा. सातव्यावर तो थांबला. त्याने चष्मा पुसला, चित्र मोठं केलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हे चांगलं आलं होतं," तो म्हणाला. "यकृताची कड बघ. एक रेघ हललेली नाही. इतका वेळ श्वास धरून कुणी राहत नाही."

आठ आठवड्यांत तो सलग एवढं बोलला नव्हता. टूवेने वाकून पाहिलं. यकृत खरंच स्वच्छ आलं होतं. पाच वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द होता.

"थँक्यू," ती म्हणाली, आणि यूहाने कळ दाबली.